कार्योत्तर मंजुरी

नाना पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी उभ्या नोकरीचं सार एका वाक्यात सांगितलं होतं: या राज्यात ढकलल्याशिवाय काहीही हलत नाही. फाईल हलत नाही, ठेकेदार हलत नाही, कालव्याचं गेटसुद्धा दोन माणसं लटकल्याशिवाय हलत नाही. आधी एक स्मरणपत्र, मग दुसरं, मग अर्धशासकीय पत्र, आणि एवढं करूनही काम झालं नाही तर घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला स्वतः जीप काढून जायचं. नानांची हयात अशी ढकलण्यात गेली. म्हातारपणी त्यांच्या वाट्याला बबलू आला. बबलूला ढकलावं लागत नाही. बबलू हुकूम यायच्या आधीच निघालेला असतो.

बबलू हा घोडा. नाना हे त्याचे स्वार, म्हणजे निदान फीच्या पावतीवर तरी.

घोडेस्वारीचं हे खूळ जुनं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुवीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा नाना कनिष्ठ अभियंता होते. आपणही शिकायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं आणि घरात प्रस्ताव मांडला. पुढे २०२३ साली हांगझोऊला भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं आणि काकू म्हणाल्या, "जा एकदाचे." देशाला घोडेस्वारीतलं पुढचं सुवर्ण मिळायला आणि नानांचा प्रस्ताव मंजूर व्हायला सारखाच वेळ लागला: ४१ वर्षं.

त्यापूर्वीचा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव दोन स्वाऱ्यांचा. एक स्वतःची वरात, दुसरी माथेरानला दस्तुरी नाक्यापासून हॉटेलापर्यंत. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात होता आणि घोड्याला रस्ता पाठ होता. पण नानांचा मुद्दा अनुभवाचा नव्हताच, रक्ताचा होता. "आपल्या राज्यगीतात भीमथडीची तट्टं आहेत," असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. "बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसं चोळून खायचे. हे आपल्याकडे शिकावं लागत नाही, आठवावं लागतं."

पुण्याच्या कडेच्या एका रायडिंग क्लासात माझी भाची जाते. तिला सोडायला मी जातो आणि कुंपणाबाहेरच्या बाकावर बसतो, म्हणून हे आठवणं मला जवळून पाहायला मिळालं. बॅचमध्ये नऊ ते बारा वयाची सात-आठ मुलं आणि नाना. मुलं शाळेच्या पीटीच्या पँटीत. नाना गुडघ्यापर्यंत बूट, ब्रिचेस, छातीचं जॅकेट, हातमोजे आणि हेल्मेट अशा पूर्ण जामानिम्यात. खिशात लाल पुठ्ठ्याची वही. खात्यात मोजमाप पुस्तिका असते, तिच्या धर्तीवर नानांनी ही राखली होती. पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारातून मिळतो तो बारगीर. सबब, अधोहस्ताक्षरित हा बारगीर."

प्रत्येक रायडिंग क्लासात असा एक विद्यार्थी असतोच. याला पोहायला शिकायचं असतं तेव्हा तो आधी आर्किमिडीज वाचतो. नानांनी घोड्यांवर लिहिणाऱ्या प्राचीन शालिहोत्राची माहिती काढली होती. झेनोफन वाचला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या या ग्रीक सेनानीनं लिहून ठेवलंय, की जबरदस्तीनं करून घेतलेलं काम घोड्याला कळत नाही आणि ते देखणंही होत नाही. हे नानांनी आम्हा पालकांना बाकावर बसवून समजावलं, आमच्या माना डोलवून घेतल्या आणि मग जाऊन बबलूचा लगाम दोन्ही हातांनी असा आवळला की त्याची हनुवटी छातीला टेकली.

बबलूचा इतिहास सांगायला हवा. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. दोन्हीकडे धावून ज्यांच्या नावावर फारसं काही लागत नाही, त्यांतले काही घोडे अशा क्लासांत येतात. कागदावर बबलूचं नाव भलतंच भारदस्त इंग्रजी आहे, पण ते मोतद्दारालाही आठवत नाही. तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका आणि सदैव पुढं रोखलेले कान. रेसच्या घोड्याला लहानपणी एक गोष्ट पक्की अंगवळणी पडते. जॉकीनं लगाम ताणून धरला की तोंडातल्या कडीवर भार टाकायचा आणि जोर काढायचा. म्हणजे जगाच्या दृष्टीनं लगाम ओढणं हे 'थांब' असतं, बबलूच्या दृष्टीनं ते 'चल, आता खरं सुरू झालं' असतं. नानांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी आलं होतं, जे ओढलं की वेगानं पुढं जात होतं.

साधी चाल ठीक गेली. दुडकीत उठ-बस करत जायची असते. तीही नाना शाळेतल्या शिक्षेच्या अनुभवावर निभावून नेत. गाडी अडली ती कँटरला.

कँटरची खूण साधी आहे. वळणावर आतला पाय जागेवर ठेवायचा, बाहेरचा चार बोटं मागं न्यायचा, किंचित दाबायचा, की घोडा उचल घेतो. नानांनी या खुणेचे टप्पे पाडले. आधी अंदाजपत्रक: कोपरा किती दूर आहे. मग तांत्रिक मान्यता: पाठ ताठ, टाच खाली, नजर समोर. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे मनाची तयारी. मग कार्यारंभ आदेश. ते तांत्रिक मान्यतेला पोचायचे तोवर बबलू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असे, नानांसकट.

याचं कारण बबलूचं अंग. घोड्याच्या पाठीवर माशी बसली तर नेमकी तेवढीच कातडी तो थरथरवतो. मी बाकावरून पाहिलंय, खोगिराच्या मागं माशी टेकली की तळहाताएवढ्या जागेतून एक शिरशिरी जाते आणि बाकीचं अंग ढिम्म. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला त्र्याहत्तर किलोंचे नाना मनात काय आणताहेत ते कळायला कितीसा वेळ लागणार? नाना कँटरचा नुसता विचार करत. विचाराबरोबर त्यांचं बूड अर्धा इंच सरके. बबलूच्या लेखी एवढा आदेश पुरेसा असे.

निघाल्यावर नाना घाबरत. घाबरले की लगाम ओढत आणि पडू नये म्हणून टाचांनी पोट आवळून धरत. टाच म्हणजे 'चल'. लगाम म्हणजे, बबलूच्या शाळेत, 'अजून जोरात चल'. तोंडानं मात्र नाना सभ्य, शासकीय मराठीत "थांब! थांब म्हणतो ना!" असं ओरडत मैदानाला फेऱ्या घालत.

"उस्ताद, हा घोडा सरळसरळ आज्ञाभंग करतो," एकदा उतरल्यावर नाना धापा टाकत म्हणाले.

उस्ताद म्हणजे घोडदळातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे दफेदार. मिशी पांढरी, आवाज तोफेचा, वाक्यं छोटी. ते म्हणाले, "उलटं आहे साहेब. तुमचं सगळं ऐकणारा हा एकटाच. फक्त तुमचं तोंड सोडून."

नानांनी वहीत नोंद केली: "बबलू: वळण क्र. ३ येथे आदेशापूर्वी प्रस्थान. गती अनावश्यक. तोंडी समज दिली." समज खरोखरच दिली. तास संपल्यावर ते पागेत गेले आणि बबलूसमोर उभं राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून, पाचेक मिनिटं त्याच्याशी बोलले. बबलूनं मान खाली घालून शांतपणे ऐकलं आणि मग खिशातली वही ओठांनी अलगद बाहेर काढून तिचा कोपरा चावला. त्या पानावर आजही अर्धवर्तुळाकार दातांची खूण आहे. नानांनी तिच्याखाली "पोच मिळाली" असं लिहून तारीख टाकली.

पुढची अडचण श्वासाची होती. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, फक्त नाकानं. आणि कँटरमध्ये तो दर ढांगेला एक श्वास असा तालात घेतो. नाना मात्र कोपऱ्यात दम कोंडत आणि थेट थांबल्यावर सोडत. "साहेब, जनावर श्वास घेतंय, तुम्ही घेत नाही," उस्ताद ओरडले. "काहीतरी मोठ्यानं म्हणा!"

नानांनी रामरक्षा सुरू केली. ती दुसऱ्या वळणावर तुटली. तेराचा पाढाही तुटला. शेवटी माझी भाची कुंपणाशी थांबून म्हणाली, "नाना आजोबा, एकदोनतीन म्हणा ना. एकदोनतीन, एकदोनतीन. कँटर तसाच असतो."

नानांनी ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कॉलेजात त्यांनी दोन वर्षं तबला वाजवला होता. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोनाची आणि कँटर तिनाचा. "अहो, हा तर दादरा!" ते बबलूच्या कानांवरून आम्हाला ओरडून म्हणाले. "धा धिं ना, धा तिं ना" म्हणत त्यांनी ती अख्खी फेरी काढली. खांदे उतरले, श्वास चालू झाला, टाचा सुटल्या आणि मांड खोगिरात अशी बसली की जणू हा माणूस जन्मला तोच रिकिबीत पाय घालून. बबलूनंही वेग आपण होऊन उतरवला, कान मऊ केले आणि एकदा मोठ्यानं फुरफुरला. उस्ताद मिशीतल्या मिशीत हसले.

पण कळलं म्हणून गप्प बसतील ते नाना कसले! पुढच्या फेरीला त्यांना शंका आली की यात सम कुठं येते. उस्तादांनी सांगितलं, पहिला ठोका मागच्या बाहेरच्या पायाचा, दुसरा कर्णातल्या दोन पायांचा एकदम, तिसरा पुढच्या आतल्या पायाचा, आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. "म्हणजे सम मागच्या पायावर!" नाना आनंदले. "आणि चारही पाय हवेत, ती खरी खाली!" ही खाली प्रत्यक्ष पाहण्यासाठी ते डावीकडे वाकले. बबलूला वाटलं, वळायचं आहे. तो वळला. नाना सरळ गेले. मैदानात वाळू असते ती यासाठीच. वहीत नोंद झाली: "दिशेबाबत मतभिन्नता."

हे रुळतंय न रुळतंय तोच उडी आली. सुरुवात जमिनीवर आडव्या टाकलेल्या काठ्यांवरून जाण्यापासून. कँटरची एक ढांग साधारण बारा फूट धरतात. उस्ताद ते अंतर पावलांनी मोजतात. तीन फुटांचं एक पाऊल, चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. नानांनी घरून टेप आणला होता. काठ्यांमधलं अंतर दोन इंचांनी चुकलंय, असं त्यांनी लेखी निदर्शनास आणलं, काठी सरकवून घेतली आणि टेप गुंडाळत समाधानानं मागं झाले. बबलू आला तो साडेदहा फुटांची एक आणि तेरा फुटांची एक ढांग टाकून पलीकडे गेला. बबलूनं अंदाजपत्रक वाचलेलं नव्हतं.

उडीचाही अभ्यास झाला होताच. बाकावर बसून नानांनी आम्हाला काप्रिल्ली सांगितला. फेदेरिको काप्रिल्ली हा इटलीच्या घोडदळातला अधिकारी. त्याच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागं रेलून लगाम ओढत. घोड्याला उडताना मान लांब करावी लागते आणि नेमकी तीच हे लोक जखडून ठेवत. यानं दाखवून दिलं की स्वारानं पुढं झुकावं, पाठीवरचं वजन काढावं आणि हात घोड्याच्या तोंडामागं जाऊ द्यावेत. घोड्याला उडी येते, आपण फक्त आड यायचं नाही. आज जगभर उडीला बसतात ते याच पद्धतीनं.

"मग तो पुढं मोठा झाला असेल," डबा द्यायला आलेल्या काकू म्हणाल्या.

"१९०७ मध्ये वारला. एकोणचाळिसाव्या वर्षी."

"कशानं?"

नानांनी टेपची घडी पुन्हा घातली. काप्रिल्ली घोड्यावरून पडून गेला, ही माहिती त्या दिवशी काकूंना मिळाली नाही.

त्याऐवजी त्यांनी वासो सांगितला. चिलीचा घोडा. तोही रेसमध्ये नाव न काढलेला. ५ फेब्रुवारी १९४९ ला कॅप्टन अल्बेर्तो लारागिबेल यांना पाठीवर घेऊन त्यानं २.४७ मीटर उंच उडी मारली. तो उच्चांक अजून कुणी मोडलेला नाही. "तेव्हा वासोचं वय सोळा होतं," नाना बबलूकडे सूचक नजरेनं पाहत म्हणाले. बबलू तेव्हा कुंपणाचा रंग चाटत होता. त्याच्यापुढं उस्तादांनी मांडलेली फुलीची काठी मधोमध माझ्या भाचीच्या गुडघ्याएवढी होती.

या काठीवर नानांचं घोडं खरोखरच अडलं. दोष बबलूचा नव्हता. काठी दिसली की बबलूचे कान उभे राहत, पाठ ताणली जाई. त्याला उडायचंच होतं. नानांना मात्र शेवटच्या ढांगेला एकदा सगळं तपासून पाहायचं असे आणि तपासण्यासाठी ते लगाम आवळत. उस्तादांनी समजावलं, "साहेब, घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळासमोर, नाकाखाली दिसत नाही. उडायच्या वेळी काठी त्याला धड दिसतसुद्धा नाही. आधी बघितलंय, त्या भरवशावर तो उडतो. शेवटच्या क्षणी तुम्ही ओढलंत तर तो भरवसा तुटतो."

"म्हणजे शेवटच्या टप्प्यात स्थळपाहणीच नाही?" नाना हादरले. "अहो, अशानं धरणं फुटतात!"

त्या दिवशी बबलू दौडत आला, नानांनी शेवटच्या ढांगेला ओढलं, बबलू चारही पाय रोवून थांबला. नाना थांबले नाहीत. ते खोगिरातून मानेवर आले, मानेला मिठी मारून क्षणभर राहिले आणि मग आयाळीवरून सावकाश घसरत काठीच्या पलीकडे दोन्ही पायांवर उभे राहिले. लगाम हातात, हेल्मेट डोळ्यांवर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भाची म्हणाली, "नाना आजोबा, तुम्ही त्याच्या आधी उडालात." वहीतली नोंद मी नंतर वाचली: "काठी यशस्वीरीत्या पार. घोडा अनुपस्थित."

पुढच्या रविवारी उस्तादांनी औषध काढलं. बबलूवर बसलेल्या नानांकडून त्यांनी लगाम घेतला, त्याला गाठ मारली आणि मानेवर ठेवून दिला. "आता दोन्ही हातांनी आयाळ धरायची. बास. काठीच्या पलीकडं ती निंबाची फांदी आहे ना, तिच्याकडं बघायचं. बाकी तो करतो."

"थांबा उस्ताद," नाना म्हणाले. आयाळ त्यांनी धरली, पण हरकत नोंदवल्याशिवाय पुढं जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लगाम माझ्याकडे नाही. मग कागदोपत्री ताबा कुणाकडे? समजा उद्या काही झालं, तर जबाबदारी निश्चित कुणावर करायची? घोड्यावर? घोडा काही सक्षम प्राधिकारी नव्हे. माझं म्हणणं असं की निदान एक हात..."

बोलण्याच्या भरात त्यांचं बूड अर्धा इंच पुढं सरकलं.

बबलू निघाला. दुडकीची दोन पावलं, मग उचल, मग दादरा. ओढायला लगाम नव्हता. आवळायला टाचांना सुचलं नाही, कारण नानांचं सगळं लक्ष वाक्य पुरं करण्यात होतं. "...निदान एक हात लगामावर असणं नियमाला धरून..." एवढं म्हणेपर्यंत काठी आली आणि नाना जोर देण्यासाठी पुढं झुकलेले, हात आयाळीत, पाठ मोकळी, नजर उस्तादांच्या डोक्यावरून निंबाकडे. काप्रिल्लीनं सांगितलं होतं ते सगळं एका ठिकाणी जमलेलं. बबलूनं मान लांब केली, गुडघे हनुवटीशी घेतले आणि गुडघाभर काठीवरून कमरेएवढी उडी मारली. पलीकडं टेकला, तीन ढांगा गेला आणि आपण होऊन दुडकीवर आला. नानांचं वाक्य "...होईल" वर संपलं.

मैदान दणाणलं. मुलं ओरडत होती, काकू डब्याच्या झाकणावर चमचा वाजवत होत्या. उस्ताद तर चक्क सलाम ठोकून उभे. "अशीच, साहेब! अशीच!"

नाना मात्र गंभीर होते. "ही धरता येणार नाही," ते म्हणाले. "मी आदेश दिलेला नव्हता."

"अहो पण उडी झाली ना!" मी बाकावरून ओरडलो.

"झाली. विनामंजुरी झाली." नानांनी खिशातली वही काढली, चावलेला कोपरा सरळ केला आणि बबलूच्या पाठीवरच, त्याच्या मानेचं टेबल करून लिहायला घेतलं. पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. उभ्या नोकरीत सांगितल्याआधी काम उरकणारा कुणी भेटलाच नव्हता, त्यामुळे शेरा काय मारायचा याला पूर्वोदाहरण नव्हतं. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. त्यांनी एक ओळ लिहिली, सही केली, आणि मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं: "बाब खास म्हणून कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे." बबलूच्या मानेवर थाप मारून ते पुढं म्हणाले, "तथापि, यापुढे पूर्वपरवानगीशिवाय..."

थाप बबलूला पुरली. 'यापुढे'च्या पुढचं काही आम्हाला ऐकू आलं नाही. नुसतं लांबून, काठीच्या दिशेनं, "धा धिं ना" ऐकू आलं.